रेंजच्या कातळावरचा मोबाइल

मित्रांनो, मी एक जुना, बॅटरी फुगलेला मोबाइल. शहापूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत, धोंडीबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, वालाच्या बियाण्याखाली पडून असतो. माझी कहाणी चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण गप्प बसून तरी मी काय मिळवलं?

धोंडीबाईंच्या मुलानं, अमोलनं मला मुरबाडच्या बाजारातून आणलं, ते त्याचं लग्न ठरलं तेव्हा. रविनाशी बोलायचं म्हणून! काय माझा थाट! नवं कव्हर, वर रुमालाची घडी. वाडीत रेंज नाही. देवळामागच्या मोठ्या कातळावर चढलं तरच फोन लागतो. आटगावच्या कंपनीतून आला की अमोल हातपाय धुऊन थेट कातळ गाठायचा. "जेवलीस का गो?" एवढं विचारायला त्याला अर्धा तास लागायचा. मला हसू यायचं. तिचा आवाज माझ्यातून येतो, याचा मला भारी अभिमान होता.

लग्न झालं, रविना घरात आली. आता कातळावर जायचं कारण उरलं नव्हतं. तरी अमोल जायचा. कंपनीतल्या कुणीतरी त्याला तसले व्हिडिओ दाखवले होते. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग कामाच्या वेळीसुद्धा. मला डोळे मिटता येत नाहीत, हेच माझं दुर्दैव.

माझ्यातल्या त्या बाया कधी दमत नसत. कुणाला ताप येत नसे, कुणी "आज नको" म्हणत नसे. रविना मात्र दिवसभर भाताची लावणी करून, कंबर धरून घरी यायची. ती काही सांगायला लागली की हा नुसतं "हं" म्हणायचा. शेजारी बसायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

एकदा तिनं मला हातात घेतलं आणि सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. "मी तुमाला पुरत नाय का?" एवढंच म्हणाली.

"काय पण बोलतेस! दारू नाय, तंबाखू नाय. हे काय व्यसन हाय?"

पण त्यानं आईची शपथ घेऊन सगळं पुसलं. चौथ्या दिवशी परत तेच! असं तीनदा झालं. याला व्यसन म्हणायचं की नाही, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी एवढंच पाहिलं, की त्याला थांबायचं होतं आणि त्याचा अंगठा थांबत नव्हता.

भाऊबीजेला रविनाचा भाऊ किशोर तिला माहेरी न्यायला आला. निघताना ती म्हणाली, "पंधरा दिवसांनी आमी मुरबाडच्या स्टँडवर येऊ. चार वाजता फोन करीन. तुमी ते सोडलं असंल तर उचला नि न्यायला या. नायतर किशोरसंगं मागं जाईन."

पंधरा दिवस अमोलनं स्वतःला आवरलं. खरंच आवरलं, मी साक्षीला आहे. त्या दिवशी फोन चुकू नये म्हणून तो तीन वाजताच कातळावर येऊन बसला. तिथंच घात झाला. हातात मी, पूर्ण रेंज आणि मोकळा तास. "जरासंच," तो पुटपुटला.

चारला माझ्यावर नाव आलं, रविना. मी थरथरलो, वाजलो, होतं नव्हतं ते बळ लावलं. त्याचा अंगठा सवयीनं आला आणि त्यानं ते नाव बाजूला सारलं. नाव पुन्हा आलं. त्यानं पुन्हा सारलं. तिसऱ्यांदा आलं नाही.

भानावर येऊन त्यानं फोन लावला, तेव्हा पलीकडे एसटीचा आवाज होता.

"रविना, रेंज नव्हती गो!"

"रेंज नसली की ती बाई बोलते, संपर्काबाहेर हाय म्हणून," रविना म्हणाली. "आज बाई बोलली नाय. रिंग गेली नि तुमी कापलीत. तेवढं कळतं मला."

त्या संध्याकाळी त्यानं मला धोंडीबाईंच्या हातात दिलं. "आये, पेटीत टाक. मी मागितला तरी देऊ नको." आता तो बटणांचा साधा फोन वापरतो. दर रविवारी तिच्या माहेरी जातो. ती चहा देते, पण सोबत येत नाही. धोंडीबाई दारात उभ्या राहतात, एकट्याच्या चपला वाजल्या की आत जातात.

मित्रांनो, मी दोन माणसांना जवळ आणायला आलो होतो, आणि त्यांच्या मधेच बसलो. तुमच्यापैकी कुणाचा अंगठा असाच थांबत नसेल, तर लपवू नका. भरवशाच्या माणसाला वेळेत सांगा. आणि माझ्यावर आपल्या माणसाचं नाव आलं, की बाकी सगळं टाकून आधी ते उचला. ते पुन्हा येईलच असं नाही.