मकसूदभाईंचं अगदी बरोबर आहे

कर्वेनगरात आमच्या अमृततुल्यासमोर एक सिमेंटचा कट्टा आहे. सकाळी फिरून झालं की आम्ही चौघे तिथे बसतो आणि देशाचं भलं कशात आहे ते ठरवतो. देशाला अजून याचा पत्ता नाही.

चौघांतली एक मी, वेणू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडूनही न पडल्यासारखं करायचं, याचाच आम्हाला पगार होता, त्यामुळे निवृत्तीनंतर त्याची भरपाई चालू आहे. दुसरे दिग्विजयराव. पाटबंधारे खात्यात अधीक्षक होते आणि अजूनही समोर फाइल उघडी असल्यासारखे बोलतात. तिसरे उत्तरेश्वर, मूळचे धाराशिवकडचे. भोसरीच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं, पण जीव क्रिकेटमध्ये. चौथे मकसूदभाई. मार्केट यार्डात त्यांचा सुक्या मिरचीचा गाळा आहे, तो आता त्यांचा मुलगा तन्वीर बघतो. त्यांची बायको रशीदा ही माझी जुनी मैत्रीण. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत.

पूर्वी आम्ही सगळे सगळ्या विषयांवर एकदम बोलायचो. एका निवडणुकीच्या वेळी आवाज इतका चढला की चहावाल्याने आमचे ग्लास उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवले. तेव्हा दिग्विजयरावांनी शिस्त म्हणून खातेवाटप केलं. खाती चार: राजकारण, टीव्ही, खेळ, आणि सिनेमावाल्यांची लग्नं व काडीमोड. महिना पालटला की खाती पालटतात. ज्याचं खातं त्याने रोज सकाळी आपलं मत मांडायचं आणि उरलेल्या तिघांनी ते फाडायचं.

यातलं फाडणं महत्त्वाचं. मत काय, कोणीही मांडतं. गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक खरोखर रडतात असं उत्तरेश्वर एकदा म्हणाले होते, तर आम्ही त्यांना आठवडाभर रुमाल देऊ केला. एका नटीच्या तिसऱ्या लग्नाची मी बाजू घेतली, तेव्हा दिग्विजयराव म्हणाले, "वेणूताई, आपला या क्षेत्रातला अनुभव किती?" आणि कसोटी सामने कंटाळवाणे असतात एवढंच दिग्विजयराव म्हणाले, तर उत्तरेश्वरांनी त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायला सुरुवात केली. तो अबोला चांगला टिकला. अशा अबोल्यांवरच आमची मैत्री उभी आहे.

मकसूदभाईंशी मात्र कोणाचा कधी अबोला झाला नाही.

याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी पाकिस्तानशी सामना होता. मकसूदभाईंकडे खेळाचं खातं होतं आणि आपली गोलंदाजी कशी कच्ची आहे ते सांगत होते. शेजारी चहा पीत उभा असलेला एक अनोळखी माणूस मध्येच म्हणाला, "चाचा, तुम्ही नक्की कोणाकडून?" दिग्विजयरावांनी त्या माणसाला असं काही झाडलं की तो अर्धा चहा टाकून गेला. आम्हाला दिग्विजयरावांचा अभिमान वाटला. आणि त्या दिवसापासून, कोणी न ठरवता, मकसूदभाईंना जपायचं असं ठरून गेलं.

जपायचं म्हणजे काय, तर पुढे खेळाचं खातं त्यांच्याकडे येईनासं झालं. "उगाच कशाला डोक्याला ताप," दिग्विजयराव म्हणाले. राजकारणाचा तर प्रश्नच नव्हता. सिनेमाचं खातं सुरक्षित वाटलं होतं, पण कोणत्या नटाने कोणाशी लग्न केलं यावरही हल्ली लोक जातधर्म काढतात, म्हणून तेही काढून घेतलं. राहिला टीव्ही. महिने पालटत राहिले, आमची खाती फिरत राहिली आणि मकसूदभाई टीव्हीवरच राहिले. मालिकेतल्या सासूबद्दल ते काहीबाही बोलायचे आणि आम्ही तिघेही म्हणायचो, "अगदी बरोबर आहे."

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. गल्लीतल्या प्रत्येक खांबावर कोणीतरी हात जोडून उभं होतं. महिना पालटला आणि दिग्विजयराव खाती वाटायला बसले.

"मकसूदभाई, आपल्याकडे टीव्ही."

"नको," मकसूदभाई म्हणाले. "या महिन्यात मला राजकारण हवंय."

दिग्विजयरावांनी चष्मा काढून पुसला. "अहो, कशाला? दिवस कसे आहेत बघताय ना. टीव्ही बरा."

"मी टीव्ही बघत नाही."

"म्हणजे?"

"कधीच बघत नव्हतो. रशीदा बघते, रात्री मला गोष्ट सांगते, सकाळी मी तुम्हाला सांगतो. त्या सासूचं नावही मला माहीत नाही."

उत्तरेश्वरांना हसू आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं. मकसूदभाई हसत नव्हते. "तन्वीर म्हणतो, अब्बा, फोनवर काही लिहू नका, काही पुढे पाठवू नका. बरोबर आहे त्याचं, धंदा करायचाय त्याला. गाळ्यावर बोलायचं नाही, गिऱ्हाईक तुटतं. घरी बोललो तर रशीदा झोपते. मला बोलायला हा कट्टा आहे. इथेही मी सासूवरच बोलायचं का?"

खातं त्यांना मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकसूदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. घसा साफ केला. म्हणाले, "माझं मत असं आहे. जो मतदान करणार नाही, त्याच्या घरचं पाणी महिनाभर तोडावं."

माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं बिनडोक मत ऐकलं नव्हतं आणि मी एक्स्चेंजमध्ये होते. मी दिग्विजयरावांकडे पाहिलं. पाणी हा त्यांचा धर्म. कालव्याच्या पाण्याचा थेंब वाया गेला तरी त्यांना रात्री झोप येत नसे. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला स्पष्ट दिसली. मग ते म्हणाले, "मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे."

"बराबर हाय की," उत्तरेश्वर म्हणाले.

मीही मान हलवली. मकसूदभाईंनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा संपवला.

पुढच्या सकाळी ते म्हणाले की नगरसेवक ही भानगडच नको, सगळ्या पुण्याला मिळून एकच असावा आणि तो फक्त रविवारी भेटावा. दिग्विजयराव म्हणाले, "प्रशासकीय खर्च वाचेल." त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी स्वतःचं खातं सोडून उत्तरेश्वरांच्या खात्यात पाय टाकला. म्हणाले, "आणि क्रिकेटमध्येही सुधारणा हवी. बाद झालेला फलंदाज निघाला की पंचांनी त्याला विचारावं, मन भरलं का? नसेल भरलं तर परत बोलवावं."

पंचांच्या बोटाला उत्तरेश्वर देवाचं बोट मानतात. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले. मग ते कष्टाने म्हणाले, "व्हय. बिचाऱ्याला वाईट वाटत असंलच की."

मकसूदभाईंनी ग्लास खाली ठेवला.

"उत्तरेश्वर, यांनी कसोटीला कंटाळवाणी म्हटलं तर तुम्ही यांचं तोंड बघत नव्हता. मी अख्खा खेळ मोडीत काढला आणि तुम्ही मान डोलावताय?"

"तसं न्हाई, भाई..."

"मग कसं? मी एवढं मूर्खासारखं बोलतोय आणि तिघांपैकी एकालाही मला मूर्ख म्हणावंसं वाटत नाही?"

"आम्ही आपला मान राखतो," दिग्विजयराव म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

"मान पाहुण्याचा राखतात," मकसूदभाई म्हणाले. "मी कोणाकडे आलोय पाहुणा?"

ते उठले आणि सरळ घरी गेले.

नंतर ते आलेच नाहीत. फिरायला यायचे, पण रस्त्याच्या पलीकडून. आमच्याकडे बघून हात करायचे, सभ्यपणे, आणि पुढे जायचे. तो हात मला अबोल्यापेक्षा लागला. कट्ट्यावर आम्ही तिघे उरलो आणि बोलायला काही सुचेना. राजकारणाचं खातं रिकामं होतं, ते घ्यायची कोणाची छाती होईना.

"आपण त्यांना लागेल असं काही बोललो का?" दिग्विजयरावांनी विचारलं.

"आपण काहीच बोललो नाही," मी म्हटलं. "इतकी वर्षं."

"एकदा तिघांनी त्यांच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करू. पेढे नेऊ."

"पेढे नेलेत तर ते परत कधीच येणार नाहीत."

दिग्विजयरावांना ते पटलं नाही आणि ते तसं म्हणाले. माझ्या मताला काडीची किंमत नाही असंही म्हणाले. मी त्यांना चार शब्द सुनावले. हे असं भांडण मला किती सहज मिळतं, असं तेव्हा मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मकसूदभाईंसारखा माणूस इतकी वर्षं आमच्यात बसला आणि आम्ही त्यांना एकदाही नीट भांडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून त्यांच्या वाटेतच उभी राहिले.

"मकसूदभाई, एक सांगा. ते पाणी तोडायचं तुमचं खरं मत होतं की आमची परीक्षा घेत होता?"

ते थांबले. "नगरसेवक आणि क्रिकेट, ती परीक्षा. पाणी तोडायचं खरं होतं."

"मग तर कठीणच आहे. इतकं बिनडोक मत शहाण्या माणसाच्या डोक्यात आलंच कसं?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बिनडोक? काय बिनडोक आहे त्यात?"

"घरात पाच माणसं. एकाने मत नाही दिलं तर चौघांनी घसा कोरडा घेऊन बसायचं?"

"बसावं. मग चौघे मिळून पाचव्याला हाताला धरून नेतील केंद्रावर."

"आणि म्हातारी माणसं? आजारी?"

"त्यांना सूट."

"म्हणजे सगळं पुणं आजारी पडेल. दाखले काय, हवे तितके मिळतात."

"तुम्ही मुद्दा सोडून बोलताय."

"मुद्दा आहे कुठे सोडायला?"

आमचे आवाज ऐकून दिग्विजयराव आणि उत्तरेश्वर धावत रस्ता ओलांडून आले. एक दुचाकीवाला त्यांना शिव्या देऊन गेला. "वेणूताई, अहो, जपून," दिग्विजयराव मला बाजूला ओढत म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका," मकसूदभाई त्यांच्यावर खेकसले. "तुम्हाला मुद्दा विचारात घेण्यासारखा वाटला होता. जन्म गेला कालव्यावर आणि पाणी तोडायला निघाले!"

दिग्विजयरावांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं आणि पुन्हा उघडलं, ते मात्र भांडायला. पाणी हा मूलभूत हक्क कसा आहे, यावर ते इतक्या वर्षांचं साठलेलं बोलू लागले. उत्तरेश्वरांनी मधेच पंचांचा विषय काढला. मकसूदभाई तिघांनाही एकदम उत्तरं देत होते, हातवारे करत, लाल होऊन. मग ते माझ्याकडे वळले.

"आणि तुम्हाला का झोंबतंय ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मत दिलंत? नाही दिलंत. नातवाच्या वाढदिवसाला लेकीकडे खराडीला जाऊन बसलात. पहिलं पाणी तुमचं तुटलं असतं!"

हे खरं होतं. आणि हे मी फक्त रशीदाला, खिडकीतून, हळू आवाजात सांगितलं होतं. कट्ट्यावर तर मी बोटाला शाई असल्यासारखीच बोलत आले होते. दिग्विजयराव आणि उत्तरेश्वर माझ्याकडे बघू लागले. मला इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. "तुमच्या घरात एक गोष्ट राहत नाही," असं म्हणून मी तडक घरी आले. चहासुद्धा घेतला नाही.

दिवसभर मी मनात त्यांना उत्तरं देत होते. एक फार चांगलं उत्तर दुपारी भाजी निवडताना सुचलं, तेव्हा समोर कोणी नव्हतं. संध्याकाळी रशीदाचा फोन आला. समोरच खिडकी असताना फोन म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काय बोललीस गं ह्यांना?" ती म्हणाली. "सकाळी आल्यापासून घर डोक्यावर घेतलंय. वेणूताईंना लोकशाही कळत नाही, वेणूताईंना अक्कल नाही. तन्वीरला गाळ्यावर फोन करून तुझंच गाऱ्हाणं. जेवताना बोलत सुटले आणि ठसका लागला."

"रागावलेत?"

"भयंकर. मी इतकी वर्षं बघतेय, असे कधी रागावले नव्हते."

माझाही राग उतरला नव्हता.

"आणि ऐक," रशीदाने आवाज खाली आणला. "उद्या मला पहाटेच उठव म्हणालेत. तू पोचायच्या आधी कट्ट्यावर जाऊन बसायचंय म्हणे."

मी फोन ठेवला आणि माझा गजर त्याच्याही आधीचा लावला.