आ वासलेल्या खडकाची स्थळपाहणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जॉर्डनमधल्या वादी रम वाळवंटाच्या दक्षिण टोकाला अबू नायफ यांच्या तंबूत, पोलंडहून आलेल्या हालिनाबाईंनी कॉफीचा पेला न पिता समोर वाळूवर ठेवला. पुरुषांच्या बाजूला आम्ही अकराजण बसलो होतो. त्यातल्या सात पर्यटकांना काहीच कळलं नाही. उरलेल्या चौघांची तोंडं जागच्या जागी बंद झाली.

बाईंचं कारण साधं होतं. कॉफी कडू होती आणि त्यांना फोटो काढायचा होता. पण आमच्याकडे पाहुण्याने पेला तसाच खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानाने ते विचारायचं, कबूल करायचं, मग पाहुण्याने प्यायचं. पाहुणा न पिता उठला, तर यजमानाला पुढची काही वर्षं लग्नाकार्यात मागे बसावं लागतं. म्हणून प्रत्येक गाईड जीपमध्येच बजावतो की पेला हातात आला की संपवा. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, असं सुवैलिम म्हणतो.

सुवैलिम हा त्या दिवसाच्या सहलीचा गाईड, आणि अबू नायफ यांचा जावई. त्याची बायको फिद्दा एकोणचाळीस दिवसांपासून बापाच्या तंबूत, पडद्यापलीकडे होती. कारण खडक. सहलीच्या तिसऱ्या थांब्यावर आ वासलेला एक खडक आहे. बाकीचे गाईड त्याला बेडूक म्हणतात. सुवैलिम म्हणायचा, "ही माझी बायको, मी उशिरा घरी गेल्यावर." लोक पोट धरून हसायचे. एकाने ते फोनवर जगभर पाठवलं. अकाबा शहरातल्या आतेबहिणीने फिद्दाला ते अर्थासकट ऐकवलं. फिद्दाने दोन घोंगड्या गुंडाळल्या आणि निघाली.

गावातली वडीलधारी माणसं तिला परत आणायला दोनदा गेली. दोन्ही वेळा अबू नायफ नेमके हरवलेला उंट शोधायला बाहेर पडलेले. समोर कुणी पेला ठेवू नये म्हणून. एका पोलिश बाईंपासून सावध राहायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"विचार त्यांना, काय हवंय," ते सुवैलिमला म्हणाले. जावयाशी एकोणचाळीस दिवसांत बोललेलं हे पहिलं वाक्य.

सुवैलिम बाईंकडे झुकून इंग्रजीत म्हणाला, "बाई, तुम्ही काहीही मागा, हे देणार. फक्त फोटो मागू नका."

"मग काय मागू?"

"माझी बायको. पडद्यामागे आहे."

बाईंनी चष्मा पुसला. "का गेली ती?"

त्याने खडकाचं सांगितलं.

"पण दहा वाजता तू म्हणालास, तो खडक म्हणजे तुझी सासू."

"बायको गेल्यापासून बदललं."

"काय म्हणतायत?" अबू नायफ यांनी विचारलं.

"विचार करतायत," सुवैलिम म्हणाला.

हालिनाबाई चौतीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होत्या. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय आपण काही मागणार नाही, आणि आरोपी दुभाष्या म्हणून चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तुझं याचं नातं?"

"चुलतभाऊ."

"आणि यजमानांचं?"

"माझे मामा."

"नातं नसलेला कुणी आहे इथे?"

मी तंबूभर नजर फिरवली. "तुमच्याबरोबरचे पर्यटक."

"राहू दे. तूच कर."

पडद्यामागून फिद्दा म्हणाली, "त्यांना सांग, सहा वर्षांत मी याच्यावर एकदाही तोंड टाकलं नाही. टाकायला हवं होतं असं आता वाटतं."

मी भाषांतर केलं. मग बाईंनी, खडक आता सासूच्या नावावर झालाय, याची कल्पना तिलाही द्यायला सांगितलं. तेही केलं. उम्म नायफ, म्हणजे फिद्दाची आई, पडदा सारून बाहेर आल्या.

"कुठला खडक? चाळीस वर्षं तिकडून शेळ्या नेतेय मी. मला कधी तोंड दिसलं नाही त्याला."

"मी तरी कुठे पाहिलाय," आतून फिद्दा म्हणाली.

"मग आधी स्थळपाहणी," हालिनाबाई म्हणाल्या.

साडेबारा वाजता दोन्ही जीप खडकापाशी पोचल्या. अबू नायफ आले नाहीत. पेला भरलेला असताना यजमान जागा सोडत नाही. बाईंनी सुवैलिमला रोजचं वाक्य रोजच्यासारखं म्हणायला लावलं. तो ते चपलांकडे बघत म्हणाला. उम्म नायफ यांनी खडक नीट न्याहाळला आणि आपले दात जास्त आहेत, याची नोंद घ्यायला सांगितली.

"लोक रोज हसतात?" फिद्दाने नवऱ्याला विचारलं.

"रोज."

"मग आत्ता का नाही हसले?"

"तू उभी आहेस म्हणून."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि निकाल राखून ठेवला.

आज बुधवार. बाईंनी पेट्राची सहल रद्द केली आहे. सकाळपासून त्या तंबूत बसून आहेत, चहा पितात, कॉफीला हात लावत नाहीत. तीच कॉफी ठेवायची की ताजी ओतली तर चालेल, यावर अबू नायफ आणि त्यांचा मुलगा नायफ यांचं एकमत नाही. गार कॉफीवर सध्या बशी झाकली आहे. बाईंचं विमान उद्या पहाटे आहे.

सुवैलिम दुपारपासून तंबूबाहेर जीपचं बॉनेट उघडून उभा आहे. जीपला काही झालेलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी फिद्दा बाहेर आली, बॉनेटमध्ये डोकावली, काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. ती आत गेली. बोलणं काय झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारलं तर तो सांगत नाही.