पाहुण्यांचा जार

पाहुणे मुलगी बघायला येणार असले की प्रज्ञाच्या दारात जारवाल्याचा टेम्पो थांबायचा. एरवी सगळं घर बोअरचं पाणी प्यायचं. संगमनेरच्या पठारावरच्या त्या गावात दातांवर तपकिरी पट्टे दिसले की माणूस आपलाच, हे सांगावं लागत नसे. पाहुण्यांना मात्र ते पाणी खारट लागतं, म्हणून त्यांच्यासाठी शुद्ध पाण्याचा जार.

आज पुणतांब्याची मंडळी दुसऱ्यांदा येणार होती. मुलगी एम.एस्सी., शाळेत शिकवते, सगळं पसंत. फक्त दात तेवढे पांढरे करून घ्या, असा त्यांचा निरोप होता. मुलाचे दात कसे आहेत, हे या घरात कोणी विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारायचं नसतंच.

प्रज्ञा संगमनेरला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. औषध लावून हिरड्या चरचरल्या, गार पाणी दातांना सोसेना, आणि डाग जरासे फिकट होऊन पुन्हा तिथंच. "हा डाग वरचा नाही, दात तयार होतानाच पाण्यातल्या फ्लोराईडनं पडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "घरात लहान मूल आहे का? त्याचे पक्के दात आत्ताच हिरडीत तयार होतायत. त्याला ते पाणी देऊ नका."

घरात मूल होतं. भावाची, महेंद्रची तीन वर्षांची मितू. प्रज्ञानं घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "मी उकळून देते की तिला!" उकळून ते जात नाही, हे प्रज्ञा सांगून सांगून थकली. इतक्या वेळा नटून बसून ती तशीही थकलेलीच होती.

"आत्या, पानी," मितू आली आणि जारच्या तोटीला पेला लावला. प्रज्ञाच्या आजीनं, आक्काबाईनं, पेला हिसकावला. "ते पाव्हण्यांचं हाय! तू माठातलं पी."

मितू रडली नाही. मुकाट्यानं माठाकडे गेली. 

पाहुणे आले. जय भीम झालं. मुलगा, सम्राट, मोबाईलमध्ये. त्याची मावशी झुंबरबाई पुढं सरकून बसली. "ये पोरी. जरा हस बरं, बघू दे."

प्रज्ञा हसली नाही. तिनं पाण्याचा ट्रे पुढं केला. झुंबरबाईनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये लई खारट हाय. जारचं न्हाई व्हय?"

"हाय की मावशी. पण ते मितूचं हाय. ह्ये आमचं रोजचं."

तिचे वडील रंगनाथ, ती त्यांना दादा म्हणायची, चपापले. "प्रज्ञा, जार आण."

"न्हाई दादा. एक घोट तुमाला गिळवंना मावशी, आमी ह्याच्यावर लहानाचे मोठे झालो. दात तेच राहणार. घासून, जाळून बघितले. आता मी हिरड्या भाजून घेनार न्हाई."

सम्राटनं पहिल्यांदा मान वर केली. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण त्यानं मावशीकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये मान खुपसली. झुंबरबाई उठली. "कळवतो आमी," म्हणाली. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

गाडी गेल्यावर आक्काबाई कपाळावर हात मारून बसली. आईनं डोळ्याला पदर लावला.  रंगनाथांनी जार उचलला आणि माठाशेजारी मितूच्या हाताला येईल असा ठेवला.

"जारवाल्याला सांगतो, रोज टाक," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "आन् ग्रामसभेत ह्या पान्याचं तू बोल, माझं कोन ऐकत न्हाई."

"बोलते," प्रज्ञा म्हणाली. अंग थकलं होतं, पण तेवढं नक्की करायचं होतं.

मितूनं पेला भरून घेतला. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं पटकन तोंडावर तळहात धरला, आत्या धरते अगदी तस्साच. दुधाचे दात तिचे, एकही डाग नसलेले.

प्रज्ञा खाली बसली आणि तिनं तो ओला हात हळूच बाजूला केला.