शेजारचं टेबल

सिनेमात हीरो-हिरॉइन हॉटेलात कॉफी पीत बसतात ना, त्यांच्या मागच्या टेबलावर एक जोडपं असतं. नवरा सुटात, बायकोच्या गळ्यात मोत्यांची माळ, दोघं निवांत गप्पा मारतायत. ते जोडपं म्हणजे आम्ही. तुम्हाला आठवणार नाही. आठवू नये म्हणूनच तर आम्हाला तिथं बसवतात.

आमच्या ह्यांच्याकडे लग्नातला एक काळा सूट होता, तेवढ्या भांडवलावर आम्हाला हे काम मिळालं. शूटिंगला माणसं पुरवणारा एक मुकादम होता, तो म्हणाला, सूटवाला आणि त्याची बायको, दोघंही या. तेव्हापासून आम्ही कायमचे सुट्टीवर. बागेतल्या बाकावर, आगबोटीच्या डेकवर, समुद्रकाठी छत्रीखाली, आणि सगळ्यात जास्त हॉटेलात. सेटवर ह्यांना सगळे साहेब म्हणायचे. साहेब कसले डोंबलाचे! घरी येताना सूट घडी करून पिशवीत घालायचा, बसच्या गर्दीत मळायला नको म्हणून.

आणि सिनेमात कामं कोण करतं हो? हीरो म्हणे इंजिनियर. पूल कधी बांधला ते विचारू नका. डोक्यावर पिवळी टोपी घालून एकदा नकाशा उलगडला, की लागलंच गाणं. हिरॉइन डॉक्टर, आणि तिच्या दवाखान्यात पेशंट एकच, तोही हीरो. मागे आम्ही दोघं, जन्मभराचे रिकामटेकडे. ते रिकामटेकडेपण दाखवायला आम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. दिव्यांच्या उकाड्यात सुटाच्या आत घामाच्या धारा लागायच्या. कपात काही नसायचं, कारण सांडलं तर पुढचा शॉट जुळत नाही. रिकामा कप तोंडाला लावायचा, घोट घ्यायचा आणि ‘वा!’ अशी मान हलवायची. समोरच्या केकला हात लावायची सोय नव्हती. तो चमकावा म्हणून त्यावर कसलंसं तेल फवारलेलं असायचं.

बोलायचंही, पण आवाज न करता. आवाज फक्त पुढच्यांचा, मागच्यांनी नुसते ओठ हलवायचे. आता नुसते ओठ हलवा म्हटलं तर माणूस हलवणार काय? ह्यांनी युक्ती काढली, पाढे म्हणायचे. बे एके बे, बे दुणे चार. ओठांना काम मिळतं आणि चेहराही शहाणा दिसतो. पाढा चुकू नये म्हणून हे कपाच्या कानावर अंगठ्यानं ठेका धरायचे. पहिल्यांदा मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. सुटाबुटातला एवढा गंभीर माणूस तेराच्या पाढ्यात मध्येच अडकलाय हे दिसलं, आणि मला असं खदखदून हसू फुटलं की शॉट वाया गेला. मुकादमानं दोघांनाही घरी हाकललं. त्यानंतर मी कानाला खडा लावला. शॉट चालू असताना ह्यांच्या तोंडाकडे म्हणून बघायचं नाही, टायच्या गाठीकडे बघायचं. ती गाठ मीच बांधलेली असायची.

घरी तरी हे कुठे बोलायचे! जन्माचे मुखदुर्बळ. “वाढ”, “दिवा घालव”, संपला संवाद. दोघांच्या वाटचं मीच बोलायचे. मी म्हणायचे, एकदा खऱ्या हॉटेलात जाऊ. भरलेला कप समोर घेऊन बसू आणि तुम्ही बोला. मी गप्प बसेन, शप्पथ! हे म्हणायचे, “जाऊ गं. हे शूटिंग संपू दे.” एक संपलं की दुसरं. आणि ज्या दिवशी काम नसेल, त्या दिवशी हॉटेलात बसून चैन करायची छाती कुणाची होती?

मग ह्यांचा घसा धरला. आधी खोकला आला. सेटवर असिस्टंट ओरडायचा, “साहेब, मागे खोकायचं नाही!” मग आवाज बसला, तो पुन्हा धड उठलाच नाही. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू. तोवर बोलून घ्या काय बोलायचं ते.”

बाहेर आल्या आल्या मी भर रस्त्यात सांगितलं, “आता मी तुमचं काही एक ऐकणार नाही. म्हणजे ऐकणार आहे. तुम्ही बोला.”

“काय बोलू? तुला सगळं माहीतच आहे.”

“मला काडीचंही माहीत नाही. माझा स्वयंपाक तुम्हाला आवडतो की तुम्ही नुसता गिळता, तेसुद्धा माहीत नाही.”

हे हसले. “बरं बाई. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जाऊ.”

हॉटेलही ठरलं, आमच्या कोपऱ्यावरचं. खिडकीपाशी टेबल आहे, ते. मला दुसरं काही नको होतं. ह्यांच्या तोंडून, ह्यांच्या आवाजात, माझ्यासाठी चार शब्द हवे होते. त्या चार शब्दांवर मी पुढचा जन्म काढला असता.

आदल्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला. मोठा हीरो आहे, हॉटेलचा सीन आहे, मागे सूटवालं जोडपंच पाहिजे. मी म्हटलं, आपटा तो फोन. हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, “येतो.”

मी तोंडाला येईल ते बोलले. उद्या गळा कापणार आहेत आणि आज तुम्हाला रिकामा कप आठवतो? हे सूट झटकत होते. म्हणाले, “तिथंही हॉटेलच आहे की. टेबलही आहे. चल.” आणि टाय बांधून घ्यायला माझ्यासमोर मान वर करून उभे राहिले. मी बांधला. रागाच्या भरात गाठ इतकी आवळली की हे खोकले.

सीन असा होता. हीरो भलीमोठी नोकरी सोडून येतो, हिरॉइनचा हात धरतो आणि म्हणतो, “काम तर जन्मभर आहेच. आजचा दिवस फक्त तुझा-माझा.” एवढं एक वाक्य, पण हीरोला आठवेल तर शपथ! सायलेन्स. कट. पुन्हा सायलेन्स, पुन्हा कट. दर वेळी मागे आमचंही पहिल्यापासून सुरू. मी गाठीकडे बघून मान डोलावत होते, हसत होते आणि आतून उकळत होते. मध्येच लक्षात आलं की ह्यांचा अंगठा थांबलाय. कपावर ठेका नव्हता. हात टेबलावर नुसता पडला होता, माझ्या हाताजवळ. वाटलं, दमले असतील, पाढा विसरले असतील. वर बघावंसं वाटलं. पण त्या दिवशी बघितलं असतं तर मला रडूच फुटलं असतं आणि शॉट गेला असता. हीरोला वाक्य आठवेपर्यंत ह्यांचे ओठ हलत होते, एवढं गाठीच्या वर अंधूक जाणवत होतं.

परत येताना आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलावरून गेलो. मी म्हटलं, “चला.” ह्यांनी घशावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. आवाज पार गेला होता.

ऑपरेशन झालं. सासरहून आलेल्या लेकीनं तिच्या बाबांना पाटी आणि खडू आणून दिला. हे लिहायचे, पाणी, पंखा, उशी. एकदा मी विचारलं, “त्या दिवशी शॉटमध्ये काय म्हणत होतात हो?” ह्यांनी बराच वेळ खडू हातात धरून ठेवला. मग लिहिलं, ‘पाढे’. आणि तळहातानं पुसून टाकलं.

जीव वाचेल म्हणाले होते, तोही वाचला नाही. जाताना सूट ह्यांच्या अंगावर घातला. टाय मी बांधला, या खेपेला सैल.

सिनेमा लागला तेव्हा लेक मला घेऊन गेली. हीरोनं ते वाक्य म्हटलं आणि थेटरात टाळ्या पडल्या. दिवसभर राबून आलेली माणसं, “काम तर जन्मभर आहेच” यावर शिट्ट्या मारत होती. मी मागचं टेबल बघत होते. सगळं धुरकट होतं, पण टेबलावर पडलेला हात दिसला, आणि ओठ हलताना दिसले. पाढा नव्हताच तो. पाढा म्हणताना ह्यांची हनुवटी शिवणयंत्रासारखी एका लयीत चालायची. इथं हे थांबत होते, खाली बघत होते, पुन्हा सुरू करत होते. मनातलं बोलताना माणूस अडखळतो, तसे. म्हणजे आवाज काढायला जिथं बंदी, तिथं जाऊन हे बोलले. आणि एकदा नाही, हीरो जितक्यांदा चुकला तितक्यांदा बोलले.

अहो, घरी दार लावून बोलायचं होतं! मी काय खाणार होते तुम्हाला?

पुढे तो सिनेमा फोनवर आला. लेकीनं चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. धुरकटपणा तेवढा मोठा झाला. तरी ओठांचा काही अंदाज घ्यावा तर मध्येच हिरॉइनचं डोकं आडवं येतं आणि ह्यांचं तोंड त्यामागे जातं. मग उरते ती समोरची माळवाली बाई. मान डोलावतेय, हसतेय, नवऱ्याचा शब्दन् शब्द कळतोय असा चेहरा करून बसलीय. इतकं झकास काम मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात केलं नाही. तिला धरून थोबाडावं असं वाटतं.

“आई, काय म्हणतायत गं बाबा?” लेकीनं विचारलं.

“पाढे,” मी म्हटलं.

“कितीचा?”

“पुन्हा पहिल्यापासून लाव,” मी म्हटलं.