नव्या खोक्यातलं आकाश

जावयाने कॉम्प्युटरच्या खोक्याचं झाकण उघडलं, आतली डिस्क काढून तिच्यापेक्षा मोठी बसवली आणि स्क्रू ओठांत धरून म्हणाला, "टॉर्च जरा खाली, आई."

सासूबाईंनी टॉर्च खाली केला. तारांगणाच्या या खोलीत माइकसमोर बसून त्यांनी आयुष्यभर लोकांना आकाश दाखवलं होतं. आजपासून त्यांच्या जागी त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज बोलणार होता. निरोपाची भाषणं कालच उरकली होती. तरी त्या आल्या होत्या. टॉर्च धरायला कुणीतरी हवं, म्हणाल्या.

"यात नक्की काय घालताय?"

"आकाशाचा प्रोग्रॅम एका आभासी यंत्रात आहे. म्हणजे खोकं नसलेला कॉम्प्युटर. तो संचालकांच्या कॉम्प्युटरच्या पोटात राहतो, त्याचीच मेमरी खातो. त्यांनी मोठी फाइल उघडली की इकडे चंद्र अडखळतो. म्हणून त्याला स्वतःचं खोकं देतोय."

"घरजावई होता म्हणा की."

"होता. आता वेगळं बिऱ्हाड."

बिऱ्हाड थाटण्यात सकाळ गेली. डिस्क पुसून तिचे भाग पाडले. खऱ्या डिस्कशी कसं बोलायचं हे त्या आभासी यंत्राला ठाऊकच नव्हतं. ते शिकवणारा ड्रायव्हर आधी आत घालावा लागला. प्रोजेक्टरची जाड केबल जोडली. पहिल्यांदा पडदा निळा. दुसऱ्यांदाही निळा. तिसऱ्यांदा—

"लागलं!" सासूबाईंनी टाळी वाजवली. आणि लगेच पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

संचालक डोकावले. "बाई, आज प्रेक्षकांत बसा आरामात. ऐका तरी एकदा स्वतःला."

त्या पहिल्या रांगेत बसल्या. दिवे गेले. आता अंधार, म्हणून फक्त आवाज.

भिंतीतल्या बाई: हे आजचं, रात्री नऊचं आकाश. आग्नेयेला पाहा. वृश्चिकाची वळलेली नांगी दिसली?

एक आजोबा: नाही.

भिंतीतल्या बाई: सुरेख!

(हशा.)

जावई, मागून, कुजबुजत: मेलो. घड्याळ!

संचालक: कसलं घड्याळ?

जावई: आजवर आकाश तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघून चालायचं. नव्या खोक्याचं घड्याळ लावायचंच विसरलो मी. ते कुठल्याशा एक जानेवारीवर बसलंय.

संचालक: भर उन्हाळ्यात? बंद करा!

खुर्चीतल्या बाई: मंडळी, तिचं ऐकू नका. वृश्चिक आज गैरहजर आहे. पूर्वेला वळा. एका ओळीत तीन तारे? तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण.

आजोबा: दिसला, दिसला!

भिंतीतल्या बाई: उन्हाळ्याच्या अशा रात्री—

खुर्चीतल्या बाई: हिला कुणीतरी स्वेटर द्या हो. आम्ही जानेवारीत आहोत.

(हशा. टाळ्या.)

जावई: बंद करू ना, सर?

संचालक: आवाज बंद करा. अहो, भिंतीतला! खुर्चीतला राहू दे.

दिवे लागले तेव्हा सासूबाई खुर्चीत नव्हत्याच. घुमटाच्या मध्यभागी, प्रोजेक्टरला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा एक हात अजून बाण सोडणाऱ्या व्याधाच्या दिशेने वर होता. लोक उठेनात.

आजोबा मात्र उठून त्यांच्याजवळ आले. "आमच्या लग्नाच्या रात्रीचं आकाश दाखवता येईल का?"

बाईंनी मागे पाहिलं. जावयाने मान डोलावली: घड्याळ मागे नेलं की येईल.

संचालकांनी जावयाला बाजूला घेतलं. "घड्याळ नीट करायला किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं. करतोच आता."

तो वळला, तोच संचालक म्हणाले, "थांबा." चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला. मग बाईंकडे न बघता विचारलं, "उद्याच्या खेळाला कुठली रात्र लावायची, बाई?"

सासूबाई आजोबांकडे वळल्या.

"तारीख आठवतेय ना? की घरी विचारून येताय?"