दुर्गाच्या माळावरची राख

भस्मेबाबांनी दुर्गाच्या माळावरचं गवत मुठीत धरून दाखवलं आणि अख्खं खेरडी गाव पाया पडायला वाकलं. १९८९चा श्रावण. दीड महिन्यापूर्वी बाबांनी माळाच्या चार कोपऱ्यांत लाल फडक्यातल्या राखेच्या पुड्या पुरून हुकूम सोडला होता, "चाळीस दिवस इथं देव चरेल. जनावर शिरता कामा नये."

माझ्या शेजारणीने, दुर्गाने, गुरं गोठ्यात बांधून पेंढ्यावर जगवली. आता गवत गुडघाभर. त्या ओल्या मारवेल गवताचा वास आजही आठवतो. बांधाअलीकडचा माझा माळ मात्र खरवडून काढल्यासारखा.

"सरुबाई, कालवड मठाला वाहा," बाबा म्हणाले. "तुझ्याकडेही देव चरायला येईल."

"दे की गं वहिनी," दुर्गा म्हणाली. "नुसतं जळून गवत उगवत नाही."

आमच्या दोन्ही गाई म्हाताऱ्या. कालवड गेली तर गोठ्यातलं पुढचं दूधच संपणार. पण दुर्गाचं ते हसू पाहवेना. मी दावं सोडलं.

तेवढ्यात शाळेच्या ज्योतीबाईंनी विचारलं, "बाबा, पुड्या काढल्या तर?"

"हिमालयातल्या धुनीची राख आहे ती. काढली की गवत उभं जळेल."

"मग जळलं का नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे वळले. लपवण्यात अर्थ नव्हता. पुड्या पुरल्या त्याच्या दुसऱ्याच दुपारी मी त्या उकरून माझ्या माळात पुरल्या होत्या. दुर्गाकडे माझ्या चुलीची राख, हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांत. गवत तरी तिचंच वाढलं, तेव्हा देवाने चोरी पकडली असं मी धरून चालले होते.

उकरून पाहिलं. तिकडे हिरव्या चिंध्या, इकडे लाल फडकी.

"हिचं पाप नडलं," बाबा म्हणाले.

"पाप सरुबाईंचं, पण चुलीची राख पावली दुर्गाबाईंना?" ज्योतीबाई म्हणाल्या. "सरुबाई, तुमची गुरं कुठं चरत होती?"

"माळावरच. रोज."

"कोंब वर आला की खुडला जात होता. पान नाही तर मुळाला जोर कुठून येणार? दुर्गाबाईंच्या माळावर देव चरला नाही. कुणीच चरलं नाही."

बाबा सिल्वासा शहराकडे जाणाऱ्या रिक्षात बसून निघून गेले. कालवड गोठ्यात परतली.

दुर्गा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. खरं सांगते, माझाही हेवा सरला नाही. पण पुढच्या पावसाळ्यात मी माळाचे तीन तुकडे केले. आळीपाळीने एक चारायचा, दोन राखून ठेवायचे. तुम्हीही करा. गवत वीतभर होऊ द्या, मग गुरं सोडा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर राखेकडे पाहू नका. सोबत कुठला हुकूम पाळायला लावला, ते तपासा.