बेसिनशेजारचा तक्ता

खोक्यांच्या कारखान्यात बेसिनशेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्याला दर वर्षी एक तक्ता लटकायचा. कामगारांचा आरोग्य विमा उतरवणाऱ्या कंपनीनं त्या त्या कारखान्याचा वर्षाचा हिशेब उघड करायचा, असा सरकारी नियमच होता. तक्त्यात ओळी तीन: हप्त्यापोटी किती घेतले, दवाखान्याच्या बिलांपोटी किती दिले, आणि विमा आणून देणाऱ्या मध्यस्थाला किती मिळाले. बासष्ट माणसं त्याच्यासमोरून दिवसातून चारदा जायची. तक्त्याचा उपयोग करायची नाहीत असं नाही. टॉवेल जागेवर नसला की हात त्यालाच पुसायची. एकदा कुणीतरी त्याच्या कोपऱ्यात भाड्याच्या खोलीचा फोन नंबर लिहिला. तेवढा मात्र सगळ्यांनी वाचला.

तक्ता लावायची हजेरीताई. तिच्याकडे हजेरी, रजा, विमा, किल्ल्या आणि मालकांची चिडचिड अशी पाच खाती होती, पण नाव पडलं ते पहिल्यावरून. खोटी नोंद तिला पचायची नाही. स्वतः सात मिनिटं उशिरा आली तर स्वतःच्या नावापुढे सात लिहायची आणि वर कारण: 'झोप'.

दोन वर्षांपूर्वी सरकारकडून तिच्याकडे एक प्रश्नावली आली. चौथा प्रश्न होता, हा तक्ता आपल्याकडे वाचला जातो का? ताईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. एक जण तक्त्याला कोपर पुसत होता. तिनं 'नाही'वर खूण केली.

यंदा तक्ता आलाच नाही. दोन ओळींचं पत्र आलं. कागदपत्रांचा भार कमी करण्यासाठी सरकारनं हा नियम रद्द केला आहे, सबब तक्ता पाठवला जाणार नाही. ताईनं पत्र दोनदा वाचलं. तिच्यासारखं 'नाही' आणखी हजारोंनी लिहिलं असणार, हे तिला कळत होतं. तरी आपलंच पाप पदरात पडल्यासारखं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात विमावाले काका, म्हणजेच तो मध्यस्थ, आले. बारा वर्षं येत होते. मुलाबाळांची चौकशी करून मगच बॅग उघडायचे.

"हप्ता पंचवीस टक्क्यांनी वाढतोय साहेब," ते मालकांना म्हणाले. "नाहीतर कामगारांचे आईवडील विम्यातून काढायचे, मग आहे तेवढ्यातच भागेल. बिलं फार झाली यंदा."

"फार म्हणजे किती?"

"कंपनी म्हणते फार."

मालक वाईट नव्हते, पण दोन मोठी गिऱ्हाइकं नुकतीच तुटली होती. "मग आईवडील काढा," ते म्हणाले. "शुक्रवारी सही करतो."

बातमीला पाय लागतात. दुपारी कटिंग मशीनवरचा कामगार ताईच्या टेबलापाशी उभा राहिला. त्याच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं.

"ताई, आईचं नाव राहील ना?"

"शुक्रवारपर्यंत आहे."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला माहीत असतं तर तुला उभं ठेवलं असतं का? बस."

तो बसला नाही. "दोन वेळचं डायलिसिस एक वेळ करता येत नाही हो," एवढंच म्हणाला आणि गेला.

ताई कपाटाकडे बघत राहिली. कारखान्यात एक जुना नियम होता, थोरल्या मालकांनी घालून दिलेला. दवाखान्याच्या नावाखाली लोक लग्नं उरकून येतात म्हणून दवाखान्याची रजा भरपगारी हवी असेल, तर विमा कंपनीनं बिल चुकतं केल्याच्या पत्राची प्रत अर्जाला जोडायची. या नियमाला गेली वीस वर्षं सगळे शिव्या घालत आले होते. आणि ती सगळी पत्रं कपाटात तारीखवार लावलेली होती.

तिनं यंदाच्या पत्रांची बेरीज केली. हप्त्यापोटी भरलेल्या दर शंभर रुपयांमागे बिलांचे अठ्ठावन्न. पण ज्यांनी रजाच घेतली नव्हती त्यांचं काय? दुसऱ्या दिवशी ती स्वतः बेसिनपाशी उभी राहिली. "रजा न घेता कुणाकुणाचं बिल पास झालंय? कागद आणा." जेवणाच्या सुट्टीनंतर रांग लागली. एकानं कागद घडी घालून दिला, आकडा दिसेल एवढाच उघडा ठेवून. मूळव्याधीचं ऑपरेशन होतं, आणि ते सगळ्या कारखान्याला आधीच माहीत होतं.

एकूण सहासष्ट. गेल्या वर्षीच्या तक्त्यात एकाहत्तर होते. म्हणजे बिलं वाढली नव्हती, घटली होती.

शुक्रवारी ताईनं हातानं आखलेला तक्ता मालकांच्या टेबलावर ठेवला. दोन ओळी भरलेल्या, तिसरी कोरी.

काकांनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर बराच वेळ तो काढलाच नाही. "ताई, मी खोटं बोललो नाही. मला कंपनीनं आकडा दिलाच नाही. इतकी वर्षं मीसुद्धा तुमच्या खिळ्यावरच वाचायचो."

"मग एक जण तरी वाचत होता," ताई म्हणाली. तिला ते फार लागलं, पण आवाजात येऊ दिलं नाही.

"ही तिसरी ओळ?"

"ती तुम्हालाच माहीत."

"आता सांगायची सक्ती नाही."

"नाहीच. मीही करत नाही. फक्त रेघ मोकळी आहे."

मालकांनी चहा मागवला. चहा आला, काकांचा निवला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं: अकरा. गेल्या वर्षी सात होते.

"कंपनीनं आपणहून वाढवले," ते म्हणाले. "मी मागितले नव्हते. नको, असंही म्हटलं नाही." आणि त्यांनीच तक्ता उचलला. "याची प्रत द्या. कंपनीत टेबलावर ठेवतो. माझे चार त्यांनी परत घेतले, तर हप्ता कमी करा म्हणायला तोंड राहील."

मालकांनी सही पुढं ढकलली. पुढच्या बुधवारी काका आले ते बॅग न उघडताच बोलले: वाढ सहा टक्के, आईवडील कायम, आपले परत सात. ताईनं कटिंग मशीनवरच्याला बोलावून घेतलं. तो यावेळी बसला.

नवा तक्ता खिळ्यावर लागला. त्याच्याशेजारी ताईनं स्वतःच्या घरचा एक टॉवेल अडकवला. त्या दिवशी बेसिनपाशी एवढी गर्दी झाली, की दोघांचे हात धुवायचेच राहिले.

संध्याकाळी तिनं सरकारला एक पत्र लिहिलं. प्रश्नावलीचा क्रमांक, तारीख, सगळं होतं. मजकूर एका ओळीचा: 'चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात आमच्याकडून चूक झाली, "नाही"च्या जागी "एक जण, आणि आता सगळे" असे वाचावे.'

पोच अजून आलेली नाही. आवक नोंदवहीत तिनं त्या पोचेसाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.